ड्रिलिंग मड: बनवायचं कसं, सांभाळायचं कसं आणि शेवटी त्याचं करायचं काय

कोल्हापुरात बोअर मारायची म्हटली की गाडी येते, कंप्रेसर धडधडायला लागतो आणि हवेच्या जोरावर वर आलेला करडा भुगा अख्ख्या गल्लीच्या दारा-खिडक्यांवर बसतो. तिथं हवा हेच ड्रिलिंग फ्लुइड. खडक कठीण, भोक काही शे फुटांचं, कडा ढासळत नाहीत, म्हणून भागतं. तेलाच्या विहिरीत एवढ्यावर निभत नाही. दोन-तीन किलोमीटर खाली शेल हा मातकट खडक पाणी पिऊन फुगतो, वाळू ढासळते, आणि तेल, वायू, खारं पाणी दाबाखाली दबा धरून बसलेलं असतं. तिथं पाणी, माती आणि रसायनं मिळून केलेला एक जडसर द्रव सतत आत-बाहेर फिरवत ठेवावा लागतो. रिगवर सगळे त्याला नुसतं मड म्हणतात.

आपल्याकडून रसायनशास्त्रात एमएस्सी किंवा केमिकल इंजिनिअरिंग करून आसाम, गुजरात, राजमुंद्री नाहीतर मुंबई हायला मड केमिस्ट म्हणून जाणाऱ्या मुला-मुलींसाठी हे लिहितोय. बहुतेक पुस्तकांत पर्यावरण हे शेवटचं प्रकरण असतं. मला ती मांडणीच पटत नाही. मडचा जमिनीवर आणि पाण्यावर किती परिणाम होणार, हे कचऱ्याच्या खड्ड्यापाशी पोचेपर्यंत जवळजवळ ठरून गेलेलं असतं. ते ठरतं मिक्सिंग हॉपरवर, म्हणजे माल मिसळायच्या नरसाळ्यावर, आणि शेकर या चुरा चाळणाऱ्या यंत्राच्या जाळीवर; थोडक्यात तुमच्याच हातात. म्हणून इथं दोन्ही गोष्टी एकत्रच येतील.

जाण्याआधी घरी करून बघा

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत साच्याच्या वाळूत घालतात ते बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) आणि रिगवरचं बेंटोनाइट एकाच कुळातलं. दोन्हीकडं माल बहुतेक कच्छातून येतो, फक्त प्रत वेगळी. ओळखीच्या कुणाकडून अर्धा किलो मागून आणा. साडेबावीस ग्रॅम बेंटोनाइट ३५० मिली पाण्यात मिक्सरला चांगलं फिरवा आणि रात्रभर झाकून ठेवा. हे प्रमाण मुद्दाम दिलंय. ३५० मिलीत १ ग्रॅम म्हणजे एका बॅरलमध्ये १ पौंड, त्यामुळं रिगच्या लॅबमध्ये ३५० मिली हेच एक बॅरल धरून सगळ्या चाचण्या होतात. दुसऱ्या भांड्यात तेवढंच पाणी घ्या, पण त्यात आधी दोन चमचे मीठ विरघळवा आणि मग बेंटोनाइट टाका. सकाळी पहिलं भांडं हलवलं तर द्रव दाट, एकजीव मिळेल. दुसऱ्यात माती तळाला आणि वर निवळी. खाऱ्या पाण्यात बेंटोनाइट फुगत नाही हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की गोड्या पाण्यात आधी भिजवण्याचा आग्रह का धरतात ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

फाउंड्रीच्या सँड लॅबमध्ये कुणी ओळखीचं असेल तर मिथिलीन ब्लू टेस्ट बघून घ्या. मडमध्ये फुगणारी माती किती आहे हे मोजायला रिगवर तीच एमबीटी नावानं रोज करावी लागते. नमुना उकळून थंड करायचा, निळं द्रावण थोडं थोडं घालत ढवळायचं आणि काचकांडीनं एक थेंब फिल्टर पेपरवर टेकवायचा. मध्ये गडद ठिपका आणि भोवती फिकट निळं कडं उमटलं की थांबायचं. पण लगेच नाही. दोन मिनिटं ढवळून पुन्हा थेंब घ्यायचा. कडं टिकलं तरच आकडा खरा, गेलं तर अजून द्रावण लागणार. इंटरव्ह्यूमध्ये हे हातानं केलेलं आहे असं सांगता आलं तर बराच फरक पडतो.

हॉपरवरचा क्रम

आधी पाणी तपासा. कडकपणा, क्लोराइड, पीएच. कॅल्शियम जास्त असेल तर सोडा अ‍ॅश घालून ते खाली बसवा, नाहीतर पुढं घातलेलं निम्मं बेंटोनाइट फुकट जाईल. मग बेंटोनाइट, घनमीटरला साधारण ६० ते ७० किलो. ते किमान सहा-आठ तास भिजू द्या. ड्रिलर घाई करतोच. तेव्हा भिजण्याऐवजी जास्त माती घालून दाटपणा आणण्याचा मोह होतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच माती उशिरा फुगून मड खिरीसारखं होतं. मग पातळ करायला पाणी, पाणी मावत नाही म्हणून काही मड खड्ड्यात. कचरा असा तयार होतो.

कॉस्टिक सोडा हॉपरमधून कधीच घालू नका. वेगळ्या ड्रममध्ये पाणी घ्या, त्यात कॉस्टिक टाका (उलटं करायचं नाही, अंगावर उसळतं) आणि बारीक धारेनं टाकीत सोडा. गॉगल, हातमोजे, एप्रन हे सगळं अंगावर असल्याशिवाय ड्रमच्या जवळही जायचं नाही. पीएच साधारण ९ ते ९.५ वर ठेवा.

पॉलिमर संथ घाला. पीएसी असो की झँथन गम (दोन्ही मडला दाटपणा देणारी पावडर), एक २५ किलोचं पोतं रिकामं व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागली पाहिजेत. धबाधब ओतलं तर बाहेरून ओल्या आणि आत कोरड्या गाठी होतात. रिगवर त्यांना फिश-आय म्हणतात. या गाठी शेकरच्या जाळीत अडकून थेट कचऱ्यात जातात. महाग माल तर जातोच, शिवाय खड्ड्यातलं सेंद्रिय द्रव्य वाढून तो नासायला लागतो.

शेल फुगू नये म्हणून पोटॅशियम क्लोराइड घालतात. हे म्हणजे आपल्या उसाला घालतात तेच म्युरेट ऑफ पोटॅश. त्यावर पुढं बोलू.

वजन वाढवायला शेवटी बॅराइट हे जड खनिज. भारतातलं बॅराइट म्हटलं की आंध्रातलं मंगमपेट. जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी तो एक आहे. किती घालायचं याचं सूत्र पाठच करा: नवीन घनतेतून जुनी वजा करा, ४,२०० नं गुणा आणि ४.२ वजा नवीन घनता यानं भागा. उत्तर घनमीटरला किलोमध्ये येतं. १.१० चं मड १.२० करायचं तर ०.१० गुणिले ४,२०० भागिले ३, म्हणजे १४० किलो. टाकीत १०० घनमीटर असेल तर १४ टन. शिवाय आकारमान साधारण ३.३ घनमीटरनं वाढतं, तेवढी जागा टाकीत आहे का ते आधी बघा. बॅराइटची धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून मास्क, आणि वारा धूळ आपल्यापासून लांब नेईल अशा बाजूला उभं राहायचं.

वजनाला एवढं महत्त्व का? घनता गुणिले खोली मीटरमध्ये, भागिले १०, एवढा दाब मड तळावर टाकतं, चौरस सेंटीमीटरला किलोमध्ये. १.२० चं मड २,००० मीटरवर २४० किलो दाब देतं. खालच्या वायूचा दाब त्याहून जास्त निघाला तर वायू आत घुसतो. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन रिगवर ११ माणसं गेली. त्याआधी विहिरीतलं जड मड काढून त्या जागी हलकं समुद्राचं पाणी भरायचं काम चाललं होतं. सिमेंटपासून चाचणीचा अर्थ लावण्यापर्यंत बऱ्याच चुका एकावर एक चढल्या होत्या, पण वरचं वजन कमी झालं आणि विहीर उसळली. मडचा सगळ्यात मोठा पर्यावरणीय उपयोग हाच आहे, की ते विहिरीला झाकण म्हणून बसलेलं असतं. त्यामुळं कचरा कमी करायच्या नादात वजनाशी खेळ नको.

उलट बाजूही आहे. वजन फार झालं तर खडक फुटतो आणि मड आत गायब होतं. मग फटी बुजवायला एलसीएम टाकतात: अभ्रकाचे पापुद्रे, अक्रोडाच्या टरफलांचा चुरा, आणि आपल्या जिव्हाळ्याचा उसाचा चोथा. उसाचं तंतुमय चिपाड बारीक करून या कामाला वापरण्याची पद्धत जुनी आहे. कोल्हापूरकरानं रिगवर गेल्यावर पोत्यात चोथाच बघायचा म्हणजे गंमतच.

तशी या धंद्याची सुरुवातही जनावरांपासूनच सांगतात. १९००-०१ च्या सुमारास टेक्सासच्या स्पिंडलटॉपवर वाळू ढासळायची थांबेना, तेव्हा ड्रिल करणाऱ्यांनी डबक्यात गुरं फिरवून चिखल कालवला आणि तो विहिरीत सोडला, असा किस्सा आहे. पंचगंगेच्या घाटावर म्हशी पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

रोजच्या चाचण्या

यावर फार लिहीत नाही, आठवड्यात हातात बसतात. मड बॅलन्स, म्हणजे घनता मोजायचा तराजू, रोज साध्या पाण्यानं १.०० दाखवतो का ते बघून मगच वापरा. मार्श फनेलमधून ९४६ मिली साधं पाणी २६ सेकंदांत उतरतं, तुमचं फनेल ३० दाखवत असेल तर भोकात काहीतरी साचलंय. व्हिस्कोमीटरवर मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या आकड्यातून ३०० फेऱ्यांचा आकडा वजा केला की प्लास्टिक व्हिस्कॉसिटी, आणि ३०० च्या आकड्यातून ती वजा केली की यील्ड पॉइंट. फिल्टर प्रेसला ७ किलो दाब, ३० मिनिटं. पाणी किती मिली गळलं हे सगळे लिहितात, पण कागदावरचा थर बोटानं चाचपून बघायचा कंटाळा करतात. तो पातळ, गुळगुळीत, चिवट हवा. जाड आणि खरखरीत असेल तर मडमध्ये खडकाचा चुरा साचतोय. प्लास्टिक व्हिस्कॉसिटी रोज थोडी थोडी चढत असेल तरीही कारण तेच. दोन्ही दिसलं की लॅबमधून उठायचं आणि शेकरकडं जायचं.

शेकरपाशी काय ठरतं

सव्वाबारा इंची भोक १,००० मीटर मारलं तर ७६ घनमीटर खडक वर येतो, दोनशे टनांच्या घरात. हा सगळा शेकर, डिसँडर (वाळू काढणारा), डिसिल्टर (बारीक गाळ काढणारा) आणि सेंट्रिफ्यूजनं मडमधून वेगळा काढायचा असतो. शंभर टक्के कधीच निघत नाही. समजा ८० टक्के निघाला. उरलेले १५.२ घनमीटर बारीक होऊन मडमध्येच फिरत राहतात. त्यांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नसेल तर ते ३०४ घनमीटर मडमध्ये पसरावे लागतील. म्हणजे तेवढं मड तयार करा, आणि जागा करायला जुनं टाकून द्या.

आता तेच यंत्र नीट चालवून ९० टक्के काढलं, तर उरतात ७.६ घनमीटर आणि मड लागतं १५२. फरक १५२ घनमीटरचा, दहा हजार लिटरचे पंधरा टँकर. त्या मडमध्ये ५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असेल तर साडेसात टन क्षार. हे सगळं जाळी फाटकी होती की धड होती यावर. खड्ड्याला कितीही भारी अस्तर लावा, एवढा फायदा त्यातून मिळत नाही.

म्हणून जाळीची सवय लावून घ्या. पाइप जोडताना पंप थांबतो, त्या दोन-तीन मिनिटांत जाळी पाण्यानं धुऊन टॉर्च मारून बघायची. बोटाएवढं भोक पुष्कळ झालं, सगळा चुरा तिथूनच पळतो. चालू असताना जाळीचा दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाग ओला दिसला पाहिजे. पुढच्या टोकावरून मड सांडत असेल तर जाळी फार बारीक किंवा बुजलेली आहे. मागंच आटत असेल तर अजून बारीक लावायला वाव आहे. रात्रपाळीला जाळी तुंबली की बायपास उघडून मोकळं होण्याची काही शेकरवाल्यांना खोड असते. त्यांच्याशी भांडू नका, चहा प्यायला तिथंच जाऊन उभे राहा.

डिसिल्टरच्या कोनकडं (शंकूच्या आकाराच्या नळीकडं) बघून सगळं कळतं. खालच्या तोंडातून गाळ पसरट फवारा होऊन पडत असेल तर ठीक, आणि तोंडाजवळ हात नेला तर हवा आत ओढली जाताना जाणवते. गाळ जाड दोरीसारखा सरळ पडायला लागला की कोनवर भार जास्त झालाय, त्यातून वेगळं काही होत नाही. बघणाऱ्याला मात्र दोरी पडताना जास्त गाळ निघतोय असं वाटतं, आणि तिथंच लोक फसतात.

नेमकं नुकसान कशानं होतं

बेंटोनाइट विषारी नाही. पण ते जमिनीवर पसरलं की मातीची छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. ओढ्यात गेलं तर माशांच्या कल्ल्यांत बसतं. समुद्रात प्लॅटफॉर्मच्या आसपास तळाचे जीव कटिंग्जच्या, म्हणजे खोदताना निघालेल्या खडकाच्या चुऱ्याच्या, थराखाली गाडले जातात.

बॅराइट पाण्यात विरघळत नाही, त्याची भीती त्यातल्या बेरियमची कमी आणि सोबत येणाऱ्या पारा-कॅडमियमची जास्त. खरेदीच्या वेळी त्याचा चाचणी अहवाल मागा.

पाण्याच्या मडमध्ये खरा त्रासदायक घटक क्लोराइड. ते कुजत नाही, मातीला चिकटत नाही, पावसाबरोबर सरळ विहिरीच्या पाण्यात उतरतं. शिरोळ तालुक्यातली क्षारपड जमीन ज्यानं पाहिली आहे त्याला पुढचं सांगायला नको. शेतकरी कधी कधी म्हणतो, "पोटॅशच आहे की साहेब, टाका शेतात." त्याला हिशेब सांगा: ५ टक्क्यांच्या एका घनमीटर मडमध्ये जवळजवळ एक ५० किलोचं पोतं आहे, आणि इथं असे शेकडो घनमीटर आहेत. शेतीच्या पट्ट्यात काम असेल तर क्लोराइडऐवजी पोटॅशियम फॉर्मेट किंवा अ‍ॅसिटेट सुचवून बघा. महाग आहे, बहुतेकदा नकार येतो, पण मागणी लेखी द्या.

तेलाच्या मडचा, म्हणजे पाण्याऐवजी तेलात कालवलेल्या मडचा, प्रकार निराळा. डिझेलमधले अ‍ॅरोमॅटिक घटक मुळातच विषारी, आणि तेल लागलेले कटिंग्ज समुद्रतळावर वर्षानुवर्षं ढीग होऊन पडून राहतात. उत्तर समुद्रात असे ढीग झाल्यावर तिथल्या देशांनी २००० साली कटिंग्जवरचं तेल १ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर समुद्रात टाकायला बंदी केली.

नियम, कामापुरते

ऑगस्ट २००५ मध्ये पर्यावरण (संरक्षण) नियमांत ड्रिलिंगच्या कचऱ्यासाठी खास मार्गदर्शक तत्त्वं आली. रोजच्या कामाला लागणारं एवढं: डिझेलच्या मडला बंदी. मड पाण्याचंच वापरायचं, आणि भूगर्भामुळं अडलंच तर १ टक्क्यापेक्षा कमी अ‍ॅरोमॅटिक असलेलं कमी विषारी तेलाचं मड, तेही कळवून. बॅराइटमध्ये पारा किलोला १ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ३ मिलिग्रॅमच्या वर नको. तेलाच्या मडमधले कटिंग्ज धुतल्यावर त्यांवर तेल किलोला १० ग्रॅमपेक्षा कमी हवं. समुद्रात सोडायचं तर धुतलेले कटिंग्ज थांबून थांबून, विहिरीमागं तासाला सरासरी ५० बॅरल या वेगानं, आणि संवेदनशील क्षेत्रात अजिबात नाही.

विषारीपणाची मर्यादा ९६ तासांचा एलसी-५० लिटरला ३०,००० मिलिग्रॅमच्या वर अशी आहे. कोळंबीसारखे दिसणारे मायसिड नावाचे बारीक जीव ९६ तास ठेवायचे आणि निम्मे मरायला किती प्रमाण लागतं ते बघायचं. इथं मोठा आकडा चांगला. नवीन माणूस हमखास उलटं वाचतो आणि २,००० वालं रसायन सौम्य समजून पास करतो.

२०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत तेल असलेलं मड घातक कचऱ्यात मोडतं, आणि पाण्याचं मड सोडून इतर मडमधले कटिंग्जही. त्यामुळं पाण्याच्या मडच्या कटिंग्जमध्ये तेलाचे चार ड्रम जरी मिसळले तरी सगळ्या ढिगाचा दर्जा बदलू शकतो. खड्डे वेगळे ठेवा, पाट्या लावा.

खड्डा आणि निवळणं

खड्ड्याची जागा ठरवताना गावातल्या जुन्या माणसाला विचारा, मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. ब्लू लाइन, रेड लाइन (पूररेषा) हे शब्द आपल्याला २०१९ आणि २०२१ नं शिकवलेत, आसामातही तोच विचार करायचा. तळाला आणि बाजूंना न झिरपणारं अस्तर, त्याखाली झिरपा गोळा करायची सोय, आणि भोवती पावसाचं पाणी बाहेरच्या बाहेर वळवणारा चर. चर विसरला तर जुलैत खड्डा पावसानंच भरतो. कडेला किमान अर्धा मीटर मोकळी जागा कायम ठेवा.

टाकाऊ मडमधलं पाणी परत मिळवता येतं. गुऱ्हाळात काहिलीत रानभेंडीचं पाणी घातलं की मळी गोळा होऊन रस निवळतो, तसंच हे. आधी तुरटी किंवा पॉलीअ‍ॅल्युमिनियम क्लोराइडनं कणांवरचा विद्युतभार मारायचा, मग लांब साखळीचं पॉलिमर घालून त्यांचे गोळे करायचे आणि सेंट्रिफ्यूजमधून काढायचे. प्रमाण रोज नव्यानं काढावं लागतं. पाच-सहा बीकर ओळीनं मांडा, प्रत्येकात मात्रा वाढवत जा, आणि जिथं गोळे मोठे व वरचं पाणी स्वच्छ तो आकडा घ्या. त्याहून जास्त घातलं तर पाणी पुन्हा गढूळ होतं. निघालेलं पाणी पुढच्या मडला वापरा. क्षार मात्र त्यातून जात नाहीत, म्हणून क्लोराइड बघूनच.

रोजच्या मड रिपोर्टमध्ये आज किती बनवलं, किती खाली हरवलं, जाळीवरून किती गेलं आणि खड्ड्यात किती सोडलं हे चारही आकडे लिहा. बेरीज जुळली नाही तर कुठला तरी व्हॉल्व्ह गळतोय, किंवा कुणीतरी रात्री टाकी रिकामी केली आहे.

जागा परत देताना

याची तयारी रिग यायच्या आधी करायची असते. जागेच्या चार-पाच ठिकाणांहून ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटीमीटर खोलीची माती घ्या, शेजारच्या विहिरींचं पाणी घ्या, आणि क्षारता, क्लोराइड, तेलाचं प्रमाण तपासून अहवालाची एक प्रत शेतमालकाला द्या. काम संपल्यावर त्याच ठिकाणांहून पुन्हा नमुने. आधीचा आकडा नसेल तर पुढं वाद झाल्यावर तुमच्याकडं आणि त्याच्याकडंही दाखवायला काही राहत नाही.

भरलेला खड्डा वरून अस्तरानं झाकून त्यावर तिथल्याच मातीचा जाड थर द्यायचा, पाणी साचू नये असा उतार ठेवायचा. सुरुवातीला काढलेली वरची सुपीक माती वेगळी रचून ठेवली असेल तर तीच सगळ्यात वर. पूर्ववत केल्याचं राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावं लागतं. आणि खड्डा नेमका कुठं आहे ते नकाशावर, बांधापासूनच्या अंतरासह, मालकाच्या हातात द्या. पाच वर्षांनी त्याचा मुलगा तिथंच विहीर खणायला किंवा खोल नांगर घालायला निघेल, तेव्हा त्याला तो कागद लागणार आहे.